खालची डावी दाढ

१२ जानेवारी

धाकटे,

पत्र पाहून घाबरू नकोस. कुणी गेलेलं नाही, कुणी आजारी नाही आणि मी नरमलेली नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तू नीट वाचशील.

दोन वर्षं मी तुला लिहिलं नाही, ते विसरले म्हणून नव्हे. शाळेच्या फाटकापाशी तू उभी होतीस, माझी खारू तुझा हात धरून हसत होती, आणि त्या दिवशी मी कामावरून लवकर सुटले नसते तर मला कुणी सांगितलंही नसतं. तेव्हा मी जे बोलले त्यातलं काहीही मागे घेणार नाही. तू दिलेला तो बिनकाचांचा चष्मा ती अजून घालते. मी दोनदा लपवला, दोनदा तिने शोधून काढला. शोधायची सवय तिला माझ्याकडूनच लागली असावी.

आता कामाचं. लहानपणी डॉक्टरांनी तुझे दात काढले होते का? आपोआप पडलेले नव्हेत, चांगले धडधाकट, काढलेले. किती काढले आणि कुठले? आई असती तर तिलाच विचारलं असतं. खारूच्या दातांचं काहीतरी निघालं आहे, डॉक्टर म्हणाले घरच्यांची माहिती काढा, म्हणून विचारते. घाबरण्यासारखं काही नाही. तू लगेच पिशवी भरून निघायचं तर मुळीच कारण नाही.

मी अजून विम्याच्या कचेरीतच आहे. दावे तपासते. कुणाच्या दुकानाला आग लागली, कुणाच्या गोदामात पाणी शिरलं, की मला पाठवतात. माझ्या हातून गेलेल्या दाव्याला साहेब दुसऱ्यांदा हात लावत नाहीत. तुझे भावजी म्हणतात, तू घरीही दावेच तपासतेस. त्यांना म्हणावं, घरात दावे करणारे कमी आहेत का.

उत्तर लवकर पाठव.

मोठी

ता. क. तो माणूस मूळचा कुठला होता? नाव नको. नदीच्या अलीकडचा की पलीकडचा, एवढंच. सहज विचारते.


२९ जानेवारी

धाकटे,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, चार ओळी. 'चार दात काढले, वरचे दोन, खालचे दोन. तू बाहेर बाकावर बसून माझं रडणं ऐकत होतीस, तुला सगळं ठाऊक आहे. मग का विचारतेस? आणि ता. क. मधलं सहज विचारलेलं नाही.'

पकडलंस. उत्तर ठाऊक असलेला प्रश्न आधी विचारायचा, ही माझी कामावरची पद्धत आहे. जळालेल्या दुकानाचा मालक 'आत किती माल होता' ते सांगेल, पण मी आधी विचारते, दुकानाचं दार किती रुंद होतं? दार समोर उभं असतं, मोजता येतं. दाराच्या बाबतीत माणूस जितकं फुगवून सांगतो, त्या मानाने मालाचा आकडा मी खाली आणते. तू दाराच्या बाबतीत खरं बोललीस. म्हणून आता मीही सांगते.

खारूचे खालचे पुढचे दात आले, ते एकमेकांना खेटून, एक थोडा वाकडा. दुधाच्या दाढा पडल्या, पण त्यांच्या जागी यायचे ते अजून हिरडीच्या आतच आहेत. सुळे आणि त्यांच्या मागचे, दोन्ही बाजूंचे. आम्ही दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. चौकातल्या नव्हे, तो हसतो फार. पुलाच्या रस्त्यावर एक म्हातारे आहेत, गेल्या वर्षी खारूची दाढ दुखली तेव्हाही त्यांच्याकडेच गेलो होतो. त्यांच्या खोलीत शिरलीस तर तुला वाटेल गवंड्याकडे आलो. जमिनीवर प्लॅस्टरची भुकटी, बुटांवर भुकटी, आणि भिंतभर बुटांची खोकी. खोक्यांत मुलांच्या जबड्यांचे प्लॅस्टरचे साचे. गावातली आजची निम्मी मोठी माणसं त्या खोक्यांत लहान होऊन बसली आहेत. माझे साहेबही असतील.

त्यांनी खारूच्या जबड्याचा साचा काढला. कंपासपेटीत असतं तसलं दोन टोकांचं कर्कटक घेऊन खालचे पुढचे चार दात एकेक करून मोजले, बेरीज केली, आणि म्हणाले, ह्या चारांवरून आत लपलेले दात किती रुंद असतील ते सांगता येतं. मी विचारलं, न पाहता? ते म्हणाले, कोष्टक असतं. हजारो मुलांचे दात मोजून कुणी कुणी कोष्टकं केली आहेत. पुढचे इतके, तर मागचे तितके. लपलेले दात मावणार नसतील तर आधीच काही काढून जागा करायची, म्हणजे पुढे सगळे सरळ येतात. मावणार असतील तर हात लावायचा नाही.

इथवर ठीक. मग त्यांनी कर्कटक खाली ठेवून आम्हा दोघांकडे पाहिलं आणि विचारलं, "दोन्हीकडची माणसं कुठली? आईकडची, वडिलांकडची?"

मी म्हटलं, ते कशाला? त्यांनी सांगितलं की पुस्तकातलं कोष्टक कुठल्यातरी दूरच्या देशातल्या मुलांचं आहे. ते आपल्याकडच्या मुलांना लावलं की चुकतं. आपल्याकडेही नदीच्या ह्या बाजूचे आणि त्या बाजूचे सारखे नाहीत. पुढचे दात तेवढेच असले तरी ह्या बाजूच्या मुलांचे मागचे मोठे निघतात, त्या बाजूच्यांचे लहान. म्हणून त्यांनी आयुष्यभर साचे मोजून दोन्हींची वेगळी कोष्टकं केली आहेत.

मी म्हटलं, "दोन्हीकडचे इथलेच."

पटकन आलं तोंडातून. खारू खुर्चीत बसली होती, तोंड उघडं, कान उघडे. दुसरं काय म्हणणार होते? की डॉक्टर, हिला माझ्या बहिणीने जन्म दिला, हिचे वडील कोण ते मला ठाऊक नाही, आणि हे मुलीलाही ठाऊक नाही? ते आपल्या तिघांपलीकडे कुणालाच ठाऊक नाही. तुझे भावजी शेजारी बसले होते. ते खाली वाकले आणि बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायला लागले. मी ते लक्षात ठेवलं आहे.

आता तू सांग. त्या डॉक्टरांनी तो प्रश्न मलाच का विचारला? मी चौकशी केली. ते तरुणपणी तुझ्या शहरात होते. तिथे आता त्यांचा पुतण्या असतो. तुझं चष्म्याचं दुकान, शेकडो माणसं येतात जातात. तू कुणापाशी मन मोकळं केलंस का? मी दुसऱ्या दिवशी डोकं दुखतंय म्हणून कचेरीतून निघाले आणि त्यांच्या बाहेरच्या खोलीत जाऊन बसले. त्यांनी एका शिंप्याला तोच प्रश्न विचारला, मग एका शिक्षिकेला. सगळ्यांनाच विचारतात. पण सगळ्यांना विचारतात म्हणून मला विचारण्यात काही नव्हतं, असं होत नाही.

तेव्हा तो कुठला होता ते कळव. बाकी काही नको.

मोठी

ता. क. डॉक्टर म्हणाले, खारूचे पुढचे दात हुबेहूब आईचे. माझ्याकडे बघून म्हणाले. वरचा तो एक टोकाशी निमुळता आहे ना, तुझा आहे तसा, माझाही आहे तसा. मी दोन दिवस आरशात बघून हसत होते. हे तुला का सांगते आहे कोण जाणे.


१० फेब्रुवारी

धाकटे,

निकाल लागला. इथल्या कोष्टकाप्रमाणे जागा पुरत नाही. चार दात काढायचे. आधी उरलेले दुधाचे सुळे, म्हणजे पुढचे सैल होतील. मग नवे यायला लागले की त्यांतले चार, कायमचे, चांगले, एकदा गेले की पुन्हा न येणारे. डॉक्टर म्हणाले, घाई नाही, पण महिन्याभरात सुरुवात करू.

मी सहज विचारल्यासारखं विचारलं, पलीकडचं कोष्टक लावलं असतं तर? त्यांनी बोट फिरवलं आणि म्हणाले, मग मावले असते, अगदी घासून, पण मावले असते. मग मी काहीच केलं नसतं, नुसतं बघत राहिलो असतो. आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात काय होतं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

म्हणजे तो माणूस अलीकडचा असेल तर मी खरं बोलले आणि दात काढायलाच हवेत. पलीकडचा असेल तर माझ्या एका शब्दापायी मुलीचे चार दात जाणार. आणि अधलामधला असेल तर देव जाणे.

घरी येताना खारू जिभेने एकेक दात चाचपत होती. एरवी तिला गप्प करायला बक्षीस लावावं लागतं. पुलावर आल्यावर तिने विचारलं, "दात काढले तर मला खारू म्हणणार नाही का मग?" पुढचे दोन दात मोठे म्हणून तुझ्या भावजींनी तिला खारूताई म्हणायला सुरुवात केली होती. आता शाळेत बाईसुद्धा खारूच म्हणतात. मी म्हटलं, पुढचे कुणी काढत नाही, तू मरेपर्यंत खारू. ती म्हणाली, मग चालेल. लगेच धावत पुढे गेली.

आणि ह्या सगळ्यात तुझं पत्र आलं. 'हे लिहून सांगण्यासारखं नाही. येऊन सांगते.'

व्वा. एका शब्दाचं उत्तर. अलीकडचा, पलीकडचा. त्याला तू येणार! गाडीत बसून, रजा घेऊन, पिशवीत आणखी एक चष्मा घालून. मी दाव्यांमध्ये अशी पुष्कळ माणसं पाहिली आहेत. साधा कागद मागितला की म्हणतात, साहेब, तुम्ही घरी या ना, चहा घ्या. जिथे एका ओळीत काम होतं तिथे भेट मागणाऱ्याला ओळीपेक्षा भेट हवी असते.

तुला काय हवं आहे ते मला कळतं. तू तिला माझ्या ओंजळीत ठेवून गेलीस तेव्हा ती माझ्या कोपरापर्यंतही पुरत नव्हती. तापात मी जागले. तिचा पहिला दात माझ्या बोटाला टोचला, तुझ्या नव्हे. आता ती मोठी झाली, बोलकी झाली, हसली की दोन दात दिसतात, आणि आता तुला आठवण झाली. येऊ नकोस. लिही.

मोठी


१७ फेब्रुवारी

उत्तर नाही. मग मीच लिहिते.

मी इकडे जरा हिशेब जुळवला. तू गप्प का आहेस, आणि तुझे भावजी डॉक्टरांपुढे नाडी का बांधत बसले, हे दोन्ही एकत्र ठेवून पाहिलं. ते माझ्यापुढे कधी नजर चुकवत नाहीत. चुकवायला त्यांच्याकडे काही नसतंच. दिवसभर लोकांच्या घरच्या तारा जोडायच्या, संध्याकाळी माशांच्या टाकीपुढे बसून शीळ घालायची. पण गेल्या रविवारी मी नुसतं म्हटलं, धाकटीचं पत्र येत नाही, तर शीळ थांबली. मी विचारलं, तुमचं तिच्याशी काही बोलणं होतं का? म्हणाले, माझं कशाला होईल. आणि कान लाल.

त्या वर्षी तू आमच्याकडे राहायला होतीस. मी दौऱ्यावर असायचे. पुरात भिजलेल्या गोदामांचं काम होतं, आठवडाआठवडा घरी नसायचे. घरात तुम्ही दोघंच.

काल रात्री ते घोरत असताना मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. हसू नकोस. दिवा लावून नवऱ्याचे दात पाहणारी बाई जगात मी एकटीच असेन. त्यांचेही खालचे दात खेटून आहेत. पण तसे कितीतरी जणांचे असतात, माझ्या साहेबांचेसुद्धा आहेत.

मी सरळ विचारते आणि एकदाच विचारते. तो माझ्या घरातला आहे का?

असेल तर दोन्हीकडचे इथलेच हे खरं ठरतं. मी डॉक्टरांना खोटं सांगितलं नाही. चार दात जातील, आणि त्यांच्याबरोबर आणखी पुष्कळ काही जाईल. तरी मला कळलंच पाहिजे.

हे पत्र मी स्वतः पेटीत टाकणार आहे. त्यांच्या हाती देणार नाही.


५ मार्च

धाकटे,

तुझं लांब पत्र आलं. मी ते कचेरीतल्या जिन्यात बसून वाचलं, मग डबा न उघडता घरी आले.

पहिली गोष्ट. तुझ्या भावजींवर मी जे लिहिलं त्याबद्दल तू मला जी शिवी दिलीस ती बरोबर होती. तू लिहिलंस, 'भावजींना तू एवढी घाबरवून ठेवली आहेस की ते चोरी करतील तरी तुला विचारूनच करतील.' त्यावर मी रडता रडता हसले. एका बाबतीत मात्र तुझंही चुकलं. ते पुढे येईलच.

दुसरी गोष्ट. तो माणूस कुठला ते तुलाही ठाऊक नाही, हे माझ्या एकदाही मनात आलं नव्हतं. मी तू लपवतेस म्हणून संशय घेतला, तू सौदा करतेस म्हणून घेतला, पण तुझ्याकडे उत्तरच नसेल असं वाटलं नाही. तू लिहिलंस, कधी तो म्हणायचा पलीकडचा, कधी म्हणायचा आई इथली होती, कधी म्हणायचा मला माणसंच नाहीत. आणि तुला ते तेव्हा विचारावंसं वाटलं नाही, आणि मग विचारायला तो राहिला नाही. 'हे कागदावर लिहायची लाज वाटली, म्हणून येऊन सांगते म्हटलं.' धाकटे, मी दिवसभर लोकांची खोटी उत्तरं तपासते. माहीत नाही असं खरं उत्तर कुणी देत नाही, म्हणून ते ओळखायला मी विसरले होते.

दुसऱ्या दिवशी खारूला शाळेत सोडून मी एकटी डॉक्टरांकडे गेले. दार लावून घेतलं आणि म्हटलं, "वडिलांकडचं मला माहीत नाही. मी इथलेच म्हटलं, ते खोटं होतं."

मला वाटलं, ते भुवया उंचावतील, निदान खोकतील. त्यांनी हातातल्या साच्यावरची भुकटी फुंकली आणि म्हणाले, बऱ्याच जणांना माहीत नसतं, काहींना माहीत आहे असं वाटतं. माझा सगळा संशय त्यांनी भुकटीबरोबर उडवून दिला. मग जरा चिडल्यासारखेच बोलले, की कोष्टक म्हणजे काय, सरासरी माणसाचा अंदाज, आणि सरासरी मूल त्यांच्या खुर्चीत आजवर एकदाही येऊन बसलेलं नाही. कोष्टकं करण्यात ज्याचं आयुष्य गेलं त्याने हे म्हणावं! मी म्हटलं, मग आता काय करायचं?

ते उठले, खोकी धुंडाळली, आणि गेल्या वर्षी खारूची डावी बाजू दुखत होती तेव्हा काढलेला क्ष-किरणांचा छोटा फोटो काढून उजेडात धरला. त्यात दुधाची दाढ वर उभी आहे आणि तिच्या पोटाखाली नवा दात, आणि त्याच्या आजूबाजूचे दोन्ही लपलेले. तीनही दिसतात, स्पष्ट. मी म्हटलं, मग ह्यावरच मोजा की! ते म्हणाले, फोटो सगळं मोठं करून दाखवतो, पण किती मोठं ते सांगत नाही. शेजारची कायमची दाढ वळून आली आहे, तिच्यावरून ताळा लागत नाही. उजवीकडची दुधाची दाढ किडून तुकड्यांनी गेली होती. पण ही डावी दाढ चांगली होती, आपोआप पडली. "ती कुणी जपून ठेवली आहे का? दाढ हातात आली की फोटो किती खोटं बोलतो ते कळेल. तेवढं वजा केलं की आतले खरे केवढे आहेत ते निघेल. मग मला कुणाचीच माणसं विचारायला नकोत."

दाराची रुंदी, धाकटे. दुकानाचं दार. हा म्हातारा दातांमध्ये माझीच पद्धत वापरतो. मी एवढी खूष झाले की तिथेच म्हटलं, आहे! सगळे दात आहेत! कपाटात डबी आहे, हलवली की वाजते, मी अधूनमधून वाजवून बघते.

घरी आले, कपाट उघडलं, डबी वाजवली. वाजली. झाकण काढलं. आत माशांच्या टाकीतले पांढरे खडे.

लोकांच्या जळालेल्या दुकानातली राख चाळून खोटं शोधणारी मी, आणि माझ्याच कपाटात मला माशांच्या खड्यांनी फसवलं. तुझे भावजी कामावरून आले. मी डबी वाजवली. त्यांनी टाकीकडे पाहिलं, मग डबीकडे, मग हातातली पक्कड टेबलावर ठेवली. आणि ह्या वेळी नाडी बांधली नाही.

म्हणाले, त्या दिवशी फाटकापाशी मी तुला घालवून दिलं, तेव्हा ते तुझ्या मागून गाडीपर्यंत आले होते. तू म्हणालीस, मला काही नको, पडलेले दात तरी द्या. पुढचे पडतील तसे पाठवा. तू काही खारूला नेणार नव्हतीस, ते मला म्हणाले, मागत होतीस ते नुसते पडलेले दात. लोक ते तसेही टाकूनच देतात. मग दात पडला की खारू बाबांच्या हातात द्यायची, बाबा तो पाकिटात घालून तुला पाठवायचे, आणि डबीत एक खडा टाकायचे. मला वाजलेला ऐकू यावा म्हणून. म्हणून वर म्हटलं, तुझंही चुकलं: त्यांनी चोरी केली आणि मला विचारलं नाही.

मी विचारलं, मला का नाही सांगितलं? ते म्हणाले, "तू नाही म्हणाली असतीस. आणि तू नाही म्हणालीस की मला ते बरोबरच वाटायला लागतं."

मी त्यांच्यावर ओरडले. खोटं कशाला लिहू. भांडी आपटली. मग खारू तो चष्मा लावून स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, शेजारी ऐकू जातंय. मग थांबले. तिला झोपवल्यावर त्यांनी सांगितलं, तू ते दात चष्म्याच्या एका घरात ठेवतेस, आतून मखमल असलेल्या, आणि दुकानात गल्ल्याखाली असतं ते. तू असं लिहिलं होतंस म्हणे त्यांना. गिऱ्हाईक नसलं की उघडून बघतेस. ह्यातही मी आधी डाव शोधला. सवय आहे. दात घेऊन कुणी काय करू शकतं, कुठल्या कोर्टात दाखवू शकतं, असं सगळं मनात येऊन गेलं. मग वाटलं, मी रोज तिचं डोकं पुसते, तिच्या अंगठ्याचं नख कापते, तिच्या तोंडाचा सकाळचा वास मला पाठ आहे. आणि एक बाई गल्ल्याखालून चष्म्याचं घर काढून पडलेले दात बघते. मला फार वाईट वाटलं. माझ्यासाठी नव्हे, तुझ्यासाठी. हे पहिल्यांदाच वाटलं, आणि उशिरा वाटलं.

तर आता मागणं असं. खालची डावी दाढ मला हवी आहे. तुला ओळखू येईल, त्यातली सगळ्यात रुंद, चार टोकांची, एका बाजूला तपकिरी ठिपका आहे. तुझ्याकडचं काढून घेते आहे असं समजू नकोस. डॉक्टर कर्कटक लावतील, फोटोशी ताळा घेतील, आणि दाढ परत देतील. ती पुन्हा तुझीच. बाकीच्या मी मागत नाही. डबीत खडेच राहू देत, वाजतात चांगले.

आतले मोठे निघाले तर चार दात काढावे लागतील, आणि लहान निघाले तर सगळे राहतील. काहीही निघो, ते तिचे स्वतःचे असतील. अलीकडचे नाहीत की पलीकडचे नाहीत. मला ते कळेल तेव्हा तुलाही तिथेच कळावं असं वाटतं.

तेव्हा दाढ पोस्टाने पाठवू नकोस. पाकिटं फाटतात, भलत्याच दारी जातात, कुणीतरी उघडून बघतं. माझा पोस्टावर अजिबात भरवसा नाही. तू स्वतः घेऊन ये. काय म्हणून यायचं, मावशी म्हणून की आणखी काही, ते मी आधी ठरवून ठेवलेलं नाही. आपण दोघी बसून बोलू, तुझे भावजी चहा करतील, त्यांना शिक्षा म्हणून.

शाळा सुटायच्या वेळेला ये आणि फाटकापाशी उभी राहा. तुला बघितलं की ती धावत येईल. मला कामावरून यायला उशीर झाला, तर तिच्याशी बोलत थांब.

तुझी
ताई